एकतीस मापं

बुधवारच्या शास्त्राभ्यासाला सुतारकाका उभे राहिले की प्रार्थनाघर चिडीचूप व्हायचं. धुतलेला शर्ट, नीट विंचरलेले पांढरे केस, पण कानामागची पेन्सिल काढायला ते हमखास विसरायचे. खडू घेऊन ते फळ्यावर बायबलात सांगितलेलं शेवटच्या काळातलं श्वापद काढायचे. चित्रकला बेताचीच, त्यामुळे श्वापद बरेचदा बैलासारखं दिसायचं. हसायची मात्र कोणाची छाती नव्हती. मग एकेका शिंगावर ते नाव लिहायचे. जगाचा व्यापार. जगाची फौज. जगाचं न्यायालय.

"बाबेलचा बुरूज देवाने एकदा मोडला," ते म्हणायचे, "आता माणसं तोच पुन्हा बांधतायत. या वेळी विटांऐवजी करारांचा. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही, ज्यांना आपल्यातल्या कोणी नेमलं नाही, ते आपल्यावर हुकूम सोडणार, आणि आपण त्यांच्यापुढे वाकायचं?"

मंडळीच्या पाच वडिलांमध्ये, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये, ते सगळ्यांत जुने. त्यांचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नसे.

हे बोलणं त्यांनी कुठून ऐकून उचललेलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी, युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, नदीपलीकडच्या गावातून गोळ्यांचे आवाज यायला लागले तेव्हा ते सायकल दामटत आठ मैलांवरच्या छावणीवर गेले होते. अनेक देशांची मिळून एक फौज तिथे तळ ठोकून होती, लोकांचं रक्षण करायला म्हणून. फाटकावरच्या शिपायाने त्यांना बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं. वरून हुकूम आला की निघतो, म्हणाला. सुतारकाका त्या खुर्चीवर दोन तास बसले. आत गाड्या रांगेत उभ्या होत्या, चालू केलेल्या, धूर सोडत. हुकूम आला नाही. अंधार पडायला लागला तसे ते उठले आणि सायकल हातात धरून चालत परतले. पायडल मारवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडून निरोप आला: सुताराला पाठवा.

गावाच्या लहानशा प्रार्थनाघरात एकतीस माणसं मरून पडली होती. त्यात काकांच्या मंडळीतून प्रार्थना चालवायला गेलेले म्हातारे पाळक होते. काकांच्या बहिणीचा नवराही होता. बहीण दाढ दुखते म्हणून दोन दिवस भावाकडे राहायला आली होती, तेवढ्यावर वाचली. काकांनी मोजपट्टी काढली, मापवही काढली, आणि एकेकाचं माप घेतलं. चार दिवसांत एकतीस शवपेट्या केल्या. फळ्या संपल्या तेव्हा प्रार्थनाघराचीच बाकं मोडली. आठवडाभराने गोळ्या घालणारी सरकारी सैन्याची तुकडी यंत्रं घेऊन परत आली, कबरी उकरून सगळं घेऊन गेली. पुढे सरकारी अहवाल निघाला: चकमकीत नऊ हत्यारबंद माणसं ठार. एवढ्यावर विषय मिटला.

एकोणीस वर्षांनी एका मंगळवारी, काका एका दाराची चौकट जुळवत असताना, कार्यशाळेच्या उंबऱ्याशी एक बाई येऊन उभी राहिली. पाठीवर पिशवी, पायात मजबूत बूट, सोबत दुभाषी मुलगी. आपण त्या दूरच्या, जगाच्या न्यायालयाच्या चौकशी विभागातून आलो, असं तिने सांगितलं. त्या तुकडीचा प्रमुख अधिकारी परदेशात पकडला गेला होता. खटला उभा राहत होता.

"तुमच्याकडे एक वही आहे, असं कळलं," दुभाषी मुलगी म्हणाली.

काकांनी रंधा खाली ठेवला. "कोणाकडून कळलं?"

मुलीने बाईकडे पाहिलं. बाईने पिशवीचा पट्टा सारखा केला. पण हे माहीत असणारं माणूस जगात एकच उरलं होतं. काकांनी पाहुण्यांना पाणी दिलं, विचार करून सांगतो म्हणाले, आणि त्या दोघी वळताच चपला सरकवून तडक बहिणीच्या घरी गेले.

बहिणीला सगळे धाकटी म्हणत. पंचावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच. ती शिवणयंत्रावर बसली होती.

"तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

धाकटीने चाकावर हात ठेवून यंत्र थांबवलं. "एकोणीस वर्षं मिटूनच होतं ना, दादा. काय मिळालं?"

"ते लोक कोण आहेत माहीत आहे तुला? मी दर बुधवारी घसा कोरडा करून काय सांगतो?"

"ऐकते की. पहिल्या बाकावर बसून ऐकते." तिने दोरा तोंडात धरून तोडला. "तुझं श्वापद असेल नाहीतर बैल असेल. माझ्या नवऱ्याला कागदावर हत्यारबंद लिहिलंय. आयुष्यात त्याने कोंबडी कापली नाही, मला कापायला लावायचा. ते खोडून देणारा दुसरा कोणी असेल तर सांग, त्याच्याकडे जाते."

काका रागावले, आणि रागावूनच बाहेर पडले.

संध्याकाळी ते पाळकांकडे गेले. आताचे पाळक म्हणजे त्या म्हाताऱ्या पाळकांचा मुलगा. तेव्हा वीस वर्षांचा होता, आता चाळिशीला टेकला होता. काकांच्याच हाताखाली शास्त्र शिकलेला. त्याच्या अभ्यासाच्या खोलीतली पुस्तकांची मांडणीसुद्धा काकांनीच बनवून दिली होती.

पाळकाने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिला.

"काका, न्याय करणारा एकच आहे, आणि त्याची वेळ ठरलेली आहे. त्या न्यायालयापुढे उभं राहिलात की त्याचं आसन तुम्ही मान्य केलंत. हे मला कोणी शिकवलं?"

"मीच."

"मग?"

"मी जातो असं कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंत ते बरं." त्याचा आवाज खाली आला. "मी माझ्या वडिलांना देवाच्या हवाली केलंय. ते स्तोत्र गात गेले, हे मला माहीत आहे. अख्ख्या मंडळीला माहीत आहे. ते परत उकरून परक्या माणसांच्या टेबलावर मांडायला नको मला. तुम्ही गेलात, तर मंडळीच्या वडिलांच्या बाकावर तुम्हाला बसता येणार नाही. माझ्या तोंडून हे वदवून घेऊ नका."

काका मान हलवून उठले. पाळकाचं म्हणणं त्यांना शब्दन्शब्द पटत होतं, हीच अडचण होती.

दोन दिवसांनी चौकशीवाली बाई पुन्हा आली तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. वही घेऊन जा, मी येणार नाही. बाईने मान हलवली. लिहिणारा नसेल तर वही म्हणजे नुसता कागद, ती म्हणाली. समोरचा वकील म्हणेल, ही काल रात्री बसून कोणीही लिहिली असेल.

ती गेल्यावर काकांनी पेटाऱ्याच्या तळातून वही काढली. इतक्या वर्षांत एकदाही उघडली नव्हती. पानं पिवळी पडली होती, पेन्सिलीचं अक्षर मात्र स्वच्छ होतं. प्रत्येक आकड्यापुढे लांबी, खांद्याची रुंदी, आणि पेटी ओळखता यावी म्हणून एखादी खूण. डावा पाय आखूड. लग्नाची अंगठी. पुढचे दोन दात नाहीत. एकेका ओळीवर बोट ठेवून ते नाव आठवत गेले. अकराव्या ओळीवर बोट अडलं. पाच फूट चार, निळा स्वेटर, कोपराला ठिगळ.

नाव आठवेना.

त्यांनी डोळे मिटले. ठिगळ दिसलं, त्याचे टाके दिसले, चेहरा नाही. वही काखेत मारून ते धाकटीकडे गेले. मधल्या दोन दिवसांत दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. तिने शेजाऱ्यांची नावं मोजून पाहिली, नवऱ्याच्या चुलत भावांची मोजून पाहिली. तिलाही आठवेना.

"मला त्रेसष्ट झाली," काका म्हणाले. "हा एक गेला. अजून पाच वर्षांनी किती राहतील?"

धाकटीने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, आणि काकांच्या लक्षात आलं की आपण जायचं ठरवून मोकळे झालोय.

निघायच्या आधी त्यांनी दोन कामं केली. वडिलांच्या सभेला चिठ्ठी लिहून कळवलं की मी जातोय, माझी जागा मोकळी समजावी. आणि एका दुपारी ते पाळकाच्या आईच्या घरी जाऊन अर्धा तास बसून आले.

विमानतळावर त्यांची घडीची मोजपट्टी काढून घेतली. पितळी टोकांची, तीस वर्षं वापरातली. "याने मी काय विमान मोजणार आहे?" ते म्हणाले, पण तिथे त्यांची भाषा कोणाला येत नव्हती. परदेशातल्या शहरातलं ते न्यायालय काचेचं होतं, आरपार दिसणारं. काकांनी मनाची फार तयारी केली होती. कसलं तरी प्रचंड, थंड, गर्विष्ठ असं काही समोर येईल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात स्वागताच्या टेबलावर एक माणूस सर्दीने बेजार होऊन नाक पुसत होता, आणि साक्षीदाराच्या खोलीतलं दार खाली घासत होतं. काकांनी वाकून पाहिलं: बिजागरीचा एक स्क्रू ढिला. साक्षीच्या टेबलावरून त्यांनी हात फिरवला. वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, आत भुशाची फळी. जगाची सत्ता, आणि टेबल असलं, असं मनात येऊन त्यांना क्षणभर हसू आलं. मग समोर काचेमागे तो अधिकारी दिसला, कानात यंत्र घातलेला, खांदे पडलेला म्हातारा, आणि हसू विरलं.

शपथेची वेळ आली. काका म्हणाले, "आमच्यात शपथ वाहत नाहीत."

वाद होईल या तयारीने ते ताठ बसले होते. पण कारकुनाने दुसरा कागद पुढे केला. त्यात शपथ नव्हती. खरं सांगेन, एवढीच एक ओळ होती. त्यांनी ती तीनदा वाचली. न्यायालयाला मानतो, असं कुठे आडून लिहिलेलं आहे का ते शोधलं. नव्हतं. त्यांनी वाचून दाखवली.

मधल्या न्यायाधीश बाईंनी वही पहिल्यापासून वाचायला सांगितली. काकांनी चष्मा लावला. एक, पाच फूट सहा. दोन, पाच फूट एक. कानातल्या यंत्रातून दुभाषी बाईचा आवाज दुसऱ्याच कुठल्या भाषेत त्यांच्या मागोमाग चालत होता. चौथ्या ओळीपुढे लिहिलं होतं: हात मागे, खोली दोन इंच जास्त. सहाव्या ओळीपुढे तेच. सातव्यापुढे तेच. नऊ नंबरला धाकटीचा नवरा होता. त्याच्याही पुढे तेच. ते वाचून काका थांबले. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि पुढे गेले. सतरा, सहा फूट एक, हात मागे, तोंडात कापड. एकतीसपैकी बावीस ओळींत "हात मागे" होतं. वाचायला पंचवीस मिनिटं लागली. संपलं तेव्हा दुभाषी बाईचा आवाज त्यांच्यानंतर थोडा वेळ चालला, मग तोही थांबला.

अधिकाऱ्याचा वकील उठला. उंच, सभ्य माणूस. त्याने एक ध्वनिफीत लावली आणि त्या काचेच्या खोलीत सुतारकाकांचा स्वतःचा आवाज घुमला. बुधवारचा शास्त्राभ्यास. मंडळीतल्या कोणीतरी ती भाषणं इंटरनेटवर चढवली होती, आणि ती इतक्या लांब पोचतील हे काकांच्या ध्यानीमनी नव्हतं. जगाचं न्यायालय हे श्वापदाचं शिंग आहे, असं तो आवाज ठणकावून सांगत होता.

"हा आवाज तुमचा?"

"माझाच."

"आजही तुम्ही असंच मानता?"

चौकशीवाली बाई मागच्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली. काकांनी चष्मा काढून ठेवला.

"हो. बरंचसं मानतो."

खोलीत कुजबुज झाली.

"मग या श्वापदापुढे कशाला आलात?"

"इथे विचारलं म्हणून," काका म्हणाले. "आमच्याकडच्या एकाही कचेरीने एकोणीस वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथे सांगितलं असतं. भाडं वाचलं असतं तुमचं."

"म्हणजे या न्यायालयाबद्दल तुम्हाला आदर नाही. मग इथे खरं बोलायला तुम्ही बांधील कसे?"

"आदर नाही म्हणून फूट कमी-जास्त होत नाही, साहेब. न आवडणाऱ्या गिऱ्हाइकाची दारंसुद्धा मी मापानेच करतो."

वकिलाने कागद चाळले. त्याने दुसरीकडून सुरुवात केली. "हात मृत्यूनंतर कोणी मागे बांधले असतील. तुम्ही काही वैद्य नाही."

"नाही."

"मग हात मागे का होते, हे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"तरीही तुम्ही ते लिहून ठेवलंत. का?"

इतका साधा प्रश्न कोणी विचारेल असं काकांना वाटलं नव्हतं.

"झाकण बसत नव्हतं," ते म्हणाले. "हात पाठीखाली आले की माणूस वर उचलला जातो. दोरी कापली, पण देह ताठला होता, हात पुढे येईनात. जोर लावला असता तर मोडले असते. म्हणून पेटी दोन इंच खोल केली. माप चुकू नये म्हणून लिहिलं."

वकील खाली बसला.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. वडिलांची सभा बसली. पाळकाने खाली बघत विचारलं, की जाण्यात चूक झाली असं तुम्ही मंडळीपुढे म्हणाल का. काका म्हणाले, "तिथे मी एखादा शब्द खोटा बोललो असेन तर दाखवा, आत्ता गुडघे टेकून माफी मागतो. जाणं चूक होतं का, ते मला खरंच माहीत नाही. माहीत नसताना हो कसं म्हणू?" त्यांचं नाव वडिलांच्या यादीतून काढण्यात आलं. बुधवारचा अभ्यास दुसऱ्याकडे गेला. काही घरांनी त्यांना काम देणं बंद केलं. काका दर रविवारी येत राहिले आणि शेवटच्या बाकावर बसत राहिले. पहिल्या रविवारी धाकटी आपली पहिल्या बाकावरची जागा सोडून पिशवीसकट मागे आली, आणि "सरक जरा," म्हणून त्यांच्या शेजारी बसली.

निकाल सात महिन्यांनी आला. अधिकारी दोषी ठरला. नऊ हत्यारबंद हा आकडा खोटा होता, एकतीस निःशस्त्र माणसं मारली गेली, असं निकालपत्रात छापलं गेलं. धाकटीने ते पान मागवून घेतलं, भाषा कळत नसतानाही आपल्या नवऱ्याचं नाव बोटाने शोधून काढलं, आणि मग दोन दिवस तिने यंत्राला हात लावला नाही. काकांना मात्र वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. सगळ्या माणसांवर अधिकार चालवणाऱ्या सत्तेची त्यांना अजून भीतीच वाटत होती. आज याला पकडलं, उद्या कोणाला पकडतील, आणि तेव्हा विचारणारा कोण, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. ते धाकटीला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "भीती वाटू दे की. जेवून घे आता."

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, पाळक कार्यशाळेत आला. आत आल्यावर त्याला कुठे बसावं ते कळेना, म्हणून काकांनी एक फळकुट पुसून दिलं. सभेनंतर दोघं पहिल्यांदाच एकटे समोरासमोर येत होते.

"निकाल वाचला मी," पाळक म्हणाला. "वाचणार नव्हतो. वाचला. सतरा नंबर." तो थांबला. "तोंडात कापड, असं आहे त्यात."

"होतं."

"मी इतकी वर्षं व्यासपीठावरून सांगतोय की ते गात गेले."

समजूत काढायला दोन वाक्यं काकांच्या जिभेवर आली होती. ती त्यांनी गिळली, कारण त्यांत जे होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "कापड होतं, तेवढं मी पाहिलं."

"मला का नाही सांगितलंत? तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो. पेटीला खिळे मारताना मी कंदील धरला होता."

"तू यायच्या आधी ते काढलं होतं. तुझ्या आईने काढलं, स्वतःच्या हाताने. मला म्हणाली, पोराला यातलं काही कळू देऊ नका."

"आईला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही तिला दिलेला शब्द मोडून तिकडे..."

"मोडला नाही. जायच्या आधी घरी गेलो होतो तिच्या. म्हटलं, वहीत आहे, वाचावं लागेल, तुम्ही नको म्हणालात तर वही इथेच जाळून टाकतो. ती म्हणाली, वाचा. सगळं वाचा."

"आणखी काय म्हणाली?"

काका अडखळले. हे दुसऱ्याचं बोलणं होतं, पण विचारणारा तिचाच मुलगा होता.

"म्हणाली, ते गप्प बसले असते तर मारणाऱ्यांना कापड कशाला लागलं असतं?"

पाळकाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. त्याचे खांदे हलत होते, आवाज मात्र होत नव्हता. काका उठून त्याच्याजवळ गेले नाहीत. त्यांनी कार्यशाळेचं दार ओढून घेतलं, रस्त्यावरच्या कोणाला दिसू नये म्हणून, आणि पाठ करून हत्यारं पुसत उभे राहिले.

बऱ्याच वेळाने पाळक उठला. कपड्यांवरचा भुसा त्याने झटकला. "वडिलांच्या बाकाचं मी काही बदलू शकत नाही, काका," तो म्हणाला. "सभेचा ठराव आहे. आणि मला अजून वाटतं तुम्ही जायला नको होतं."

"वाटू दे," काका म्हणाले.

"पण गेलात," पाळक म्हणाला. तो बाहेर पडला. काकांनी दारातून पाहिलं. प्रार्थनाघराकडे जाणारा रस्ता डावीकडे होता. पाळक चौकात क्षणभर थांबला, मग उजवीकडे, आईच्या घराच्या दिशेने चालू लागला, आधी सावकाश आणि मग जवळजवळ धावत.